आता भिंत ठेवतो

मैत्रिणीला गालगुंड झालं, याचा राग मुलीने बाबांवर काढला. बाबा दातांचे डॉक्टर, म्हणजे गालांशीही त्यांचा काहीतरी संबंध असणारच, असा तिचा हिशेब होता. "रोज लोकांच्या तोंडात हात घालता, आणि एक गालगुंड बरं करता येत नाही?" दप्तर सोफ्यावर आपटत तिने विचारलं. हा गालांचा नाही, लाळेच्या ग्रंथींचा आजार असतो, हे डॉक्टर शांतपणे समजावून सांगू लागले, तशी ती आणखी चिडली.

चिडण्यासारखंच होतं ते. मुलगी अकरा वर्षांची. ती आणि ही मैत्रीण दोन वर्षं कार्डांचा एक खेळ खेळत होत्या. कधी पाकिटं विकत घेऊन, कधी मधल्या सुट्टीत अदलाबदल करून दोघींनी आपापला चाळीस कार्डांचा डेक जमवला होता. येत्या रविवारी खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर जोड्यांची स्पर्धा होती, आणि जिंकणाऱ्या जोडीला उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. जोडीदार आजारी असला तर घरातलं माणूस बदली चालेल, असा नियम होता. आईची त्याच दिवशी ऑफिसची परीक्षा होती. उरले बाबा.

खेळ तसा सोपा. प्रत्येक जोडीचा एक किल्ला, त्याला वीस दगड. प्रत्येक पाळीला चारही खेळाडू एकेक कार्ड पालथं ठेवतात आणि मग चारही कार्डं एकदम उलटतात. विजेच्या एका कार्डाने समोरच्या किल्ल्याचे तीन दगड पडतात. जोडीतल्या एकाने जरी भिंतीचं कार्ड ठेवलं असेल, तर त्या पाळीला त्यांचा एकही दगड पडत नाही. भिंती मात्र मोजक्याच असतात. पूर्ण बरोबरी झालीच, तर त्या दिवशी जी जोडी कमी सामने हरली असेल ती जिंकते. आणि जोडीदारांनी खाणाखुणा करायच्या नाहीत. जे बोलायचं ते चौघांना ऐकू जाईल असं बोलायचं.

मैत्रिणीने स्वतःचा डेक बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवला, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत एवढंच होतं, की काकांनी कार्डांना घामट हात लावू नयेत आणि हरू नये. डॉक्टरांनी पहिली सूचना तंतोतंत पाळली. ते दवाखान्यातले हातमोजे घालून सरावाला बसले.

दुसरी सूचना अवघड होती. त्यासाठी मुलीने त्यांना घोगऱ्याची कॉमेंट्री बघायला लावली. घोगरा म्हणजे या खेळाचा जाणकार समालोचक; मोठमोठे सामने दाखवत प्रत्येक कार्डामागचा विचार तो बसक्या आवाजात उलगडून सांगे. सगळी मुलं त्याला घोगराच म्हणत. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी बोला, मग खेळा." काय करणार ते आधी स्वतःला स्पष्ट सांगता आलं पाहिजे, म्हणजे चूक आपोआप दिसते, असा त्याचा अर्थ.

डॉक्टरांना हे फारच पटलं, कारण त्यांचा सगळा धंदाच त्यावर चालला होता. आता गार वाटेल. आता सुई टोचतोय. आता थोडं दुखेल. जे सांगतील तसंच होई. दुखेल म्हणाले की दुखे, आणि सांगितलं तेवढंच दुखे. म्हणून तर लहान मुलंही त्यांच्याकडे रडत येत नसत. दात उपटणाऱ्या माणसाची त्या गल्लीत याहून मोठी अब्रू कुणी ऐकली नव्हती.

ते दिवसभर कॉमेंट्री ऐकू लागले. दवाखान्यात, जेवताना, दाढी करताना. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या जिभेवर उतरली. पोस्टमास्तरांची दाढ भरता भरता ते बसक्या आवाजात म्हणाले, "इथे जरा घाई झाली. अशा चुकीतून परत येणं कठीण असतं." पोस्टमास्तर गळ्यातल्या फडक्यासकट खुर्चीतून उठले. तोंडात कापूस होता, म्हणून काय म्हणाले ते कळलं नाही. पण चेहऱ्यावरून ते अभिनंदन नव्हतं. मदतनीस बाईंनी हातातला ट्रे ठेवून दिला आणि सांगितलं की आपण बारा वर्षं इथे काम केलंय, पण हे असंच चालणार असेल तर दुसरी बाई बघा.

संध्याकाळी बायको गाडी लावत होती. शेजारी बसलेले डॉक्टर म्हणाले, "स्टीअरिंग उशिरा वळलं. अनुभवी खेळाडूकडून ही अपेक्षा नव्हती." बायकोने गाडी थांबवली, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि सांगितलं, "आधी बोललात ना? आता चाला." ते घरापर्यंत चालत आले. वाटेतही स्वतःच्या चालण्यावर काहीतरी पुटपुटत होते, असं वाण्याने नंतर सांगितलं.

घरात असे रागाचे ढीग साचले असताना रविवार उजाडला.

गटात तीन सामने होते. दोन जिंकले की थेट शेवटची लढत. पहिला सामना दोन कॉलेजकुमारांशी होता. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, कार्डं पंख्यासारखी धरली आणि पहिल्याच पाळीला खुर्चीतल्या पेशंटला सांगावं तसं शांतपणे म्हणाले, "आता वीज सोडतो. पुढच्या खेपेला भिंत."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. आपण चुकीचं ऐकलं असावं, असं तिला वाटलं. त्या दोघा मुलांनी मात्र नीट ऐकलं. डॉक्टर वीज म्हणाले की ते भिंत ठेवत, डॉक्टर भिंत म्हणाले की ते आपल्या विजा राखून ठेवत. पाव तासात किल्ला साफ झाला.

जिन्यात मुलीने त्यांना भिंतीशी उभं केलं.

"बाबा, तुम्ही त्यांच्याकडून खेळत होता का?"

"अगं, घोगराच म्हणतो, आधी बोला..."

"मनात, बाबा. मनात! त्याला चार लाख लोक ऐकतात, त्यातल्या एकाला तरी हे सांगावं लागलं असेल का?" तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. "आता एक जरी हरलो तर संपलं. तिला काय सांगू मी? तुम्ही दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगता, आज तुमचं बंद ठेवा."

डॉक्टरांनी मान्य केलं. पण पंचवीस वर्षांची सवय जिन्यात सुटत नाही.

दुसरा सामना एका वकिलाशी आणि त्याच्या सत्तरीच्या आईशी होता. पहिल्या दोन पाळ्या डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटून काढल्या. तिसऱ्या पाळीला हात कार्डाकडे गेला आणि तोंड आपोआप उघडलं. "आता वीज सोडतो," ते म्हणाले, आणि दचकून मुलीकडे बघू लागले. मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

वकील हसला. समोरचा माणूस आपणहून कबूल करतोय याचा अर्थ काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आईने भिंतीच्या कार्डाला हात घातला, तो त्याने धरला.

"आई, भिंत फुकट घालवू नकोस. तो खोटं बोलतोय."

"हा डॉक्टर खोटं बोलत नाही रे. माझी कवळी त्याने बसवली. दुखेल म्हणाला तेव्हा दुखलं, नाही म्हणाला तेव्हा नाही."

"कोर्टात असं चालत नाही."

"मग कोर्टात जाऊन खेळ."

कार्डं उलटली. वीज होती. पुढच्या पाळीला डॉक्टर पुन्हा खरं बोलले, वकिलाने पुन्हा ते खोटं धरलं, आणि म्हातारी प्रत्येक पडणाऱ्या दगडाबरोबर मुलाचा लहानपणापासूनचा हट्टीपणा काढत गेली. शेवटी तिने उरलेली कार्डं टेबलावर टाकली आणि डॉक्टरांना विचारलं की कवळी डावीकडे जरा सैल लागतेय, बुधवारी येऊ का.

तिसऱ्या सामन्यातही तेच झालं. कुणाचाच विश्वास बसेना, की एवढ्या महत्त्वाच्या सामन्यात एक मोठा माणूस हातमोजे घालून नुसतं खरं बोलत बसेल. मुलीचा राग संपला नव्हता, पण ती विचारही करू लागली होती. बाबा काय टाकणार हे तिला आधीच कळत होतं. इतर जोड्यांना एकमेकांच्या कार्डांचा अंदाज बांधावा लागे. तिला नुसतं ऐकायचं होतं. आता गप्प बसा, असं ती एकदाही म्हणाली नाही. डॉक्टरांना वाटलं, ती थकली असेल.

शेवटच्या लढतीआधी दहा मिनिटं सुट्टी होती. डॉक्टर पाणी प्यायला खाली गेले. दुकानात पडदा लावला होता आणि त्यावर माडीवरचे सामने दिसत होते. पडद्याशेजारी माईक घेऊन खुद्द घोगरा बसला होता. खास या स्पर्धेसाठी दुकानाच्या मालकीणबाईंनी त्याला बोलावलं होतं. सगळं दुकान कान देऊन ऐकत होतं.

"हे हातमोजेवाले गृहस्थ बघा," तो सांगत होता. "सकाळपासून एकही खोटा शब्द नाही. का? तर ही सगळी पेरणी आहे. शेवटच्या पाळीला, नेमक्या क्षणी, ते एकच खोटं बोलतील. इतका धीर मी आजवर पाहिला नाही."

डॉक्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. आपण एवढे खोल आहोत, हे त्यांना माहीतच नव्हतं. पण चार लाख लोक ज्याचं ऐकतात तो म्हणतोय, म्हणजे असेल. ते जिना चढले तेव्हा त्यांची चालही बदललेली होती.

समोर दोन बहिणी होत्या, दिवसभरात एकही सामना न हरलेल्या. लढत अशी रंगली की शेवटच्या पाळीला दोन्ही किल्ल्यांचे दोन-दोन दगड उरले. मुलीने मनाशी मोजलं. बहिणींच्या सगळ्या भिंती संपल्या होत्या. त्यांच्या हातात विजांखेरीज काही नव्हतं. बाबांकडे एक भिंत आणि एक वीज शिल्लक होती, तिच्याकडे एक वीज. बाबांनी भिंत ठेवायची, तिने वीज सोडायची, बस्स. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"आता भिंत ठेवतो," डॉक्टर म्हणाले.

तिने निश्चिंतपणे वीज ठेवली.

चारही कार्डं उलटली. चारही विजा होत्या.

दोन्ही किल्ले एकदम पडले होते. मालकीणबाईंनी चष्मा नाकावर चढवून नियम वाचला: बरोबरी, कमी सामने हरलेली जोडी विजयी. बहिणी एकही हरल्या नव्हत्या. खालून घोगऱ्याचा आवाज आला, "अप्रतिम फसवणूक. फसली मात्र स्वतःचीच जोडीदार."

घरी आल्यावर बूट काढता काढता मुलगी बोलली. "त्यांच्याकडे विजेशिवाय काही नव्हतंच. मग तुम्ही फसवत कुणाला होता?"

डॉक्टरांना घोगऱ्याचं नाव घ्यावंसं वाटलं, पण घेतलं नाही. बायको परीक्षेहून आली आणि दोघांचे चेहरे बघून तिने गाडीची किल्ली पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी डॉक्टर स्वतः बिस्किटांचा डबा घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले आणि दाराबाहेर उभं राहून, काय झालं ते सगळं खरं खरं सांगितलं. गाल सुजलेले होते म्हणून तिला ओरडता आलं नाही. तिने दार लावून घेतलं.

मुलीचा अबोला तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी तो मोडावाच लागला, कारण तिच्या दाढेत कीड होती आणि स्पर्धेपायी भरायची राहिलेली ती दाढ आता ठणकत होती. ती दवाखान्यात आली, खुर्चीत बसली, गळ्यात फडकं बांधून घेतलं आणि ओठ घट्ट मिटले. मदतनीस बाई ट्रे धरून उभ्या होत्या.

डॉक्टरांनी सुई हातात घेतली. "आता थोडं दुखेल," ते म्हणाले.

मुलीने ओठ जेमतेम उघडले. "हे तुमचं आहे का घोगऱ्याचं?"

"माझं," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडं नाही. बऱ्यापैकी दुखेल."

तिने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.