चमचा कपात पडेपर्यंत

जहाज तरंगतं पाण्यावर, पण चालतं कागदावर. हे सत्य जगात फार थोड्यांना कळलंय. त्यांतले तिघं एम्डन बंदरातल्या आमच्या कारखान्याच्या संज्ञा-समितीवर आहेत. तिसरा मी. (टिपणं मी लिहितो, म्हणून निर्णयही बहुतेक माझेच.)

आम्ही जहाजाच्या डेकवरचं सामान बनवतो. बनवायला चार महिने लागतात, त्याची जर्मन नावं इंग्रजीत न्यायला अकरा. ही ढिलाई नव्हे, काळजी. गेल्या वर्षी ६१२ नावं नेली, वाटेत फक्त नऊ हरवली.

प्रत्येक इंग्रजी नावावर जन्मानं इंग्रज असलेल्या माणसाची सही लागते. त्याशिवाय जहाज धक्का सोडत नाही. म्हणून त्या मंगळवारी इंग्लंडहून पिकर्सगिलसाहेब आले. तीस वर्षं डेकवर काढलेला गडी. आल्या आल्या म्हणाले, "चार-दहाची गाडी चुकवून चालायचं नाही हं, पुढं घरचं विमान गाठायचंय. आज लग्नाला पंचवीस वर्षं झाली. गेली दोन वर्षं या दिवशी मी बंदरातच होतो. बायको म्हणालीय, आज नाही आलात तर बंदरातच संसार थाटा."

विषय एकच होता: श्लेपट्रोसनफ्यूरुंग्सरोलनआबडेकब्लेखहाल्टर. म्हणजे ओढदोराच्या वाटेच्या रुळाच्या झाकणाच्या पत्र्याचा खुंटा. आमचा इंग्रजी मसुदाही तेवढाच ऐसपैस होता.

साहेबांनी चित्र बघितलं. "हे होय! याला आम्ही 'ते' म्हणतो."

"'ते' तर कशालाही म्हणता येईल!" आमचा इंजिनिअर ओक्को दुखावला.

"येईल की. पण 'ते धर रे' म्हटलं की पोरं बरोबर हेच धरतात. फारच वाटलं तर 'खुंटा' लिहा."

"नुसता खुंटा? आणि रुळानं काय घोडं मारलंय? पत्र्यानं काय पाप केलंय?"

"हे बघा, दोर सुटला तर तुमचं नाव घेऊन होईस्तोवर माणूस पाण्यात असेल. मी सही करणार नाही."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून समितीनं चहा मागवला.

आमच्याकडे पाहुण्याचा कप रिकामा दिसला की भरायचा. चमचा बशीत असला म्हणजे 'अजून येऊ द्या'. बास झालं की चमचा कपात ठेवायचा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इंग्रजाला मात्र एवढंच ठाऊक, की ओतलेला चहा टाकून उठू नये.

अध्यक्षा टेरफेरबाई ओतत राहिल्या. कपात खडीसाखर तडतडायची, वर साय पसरायची. साहेब एका दमात संपवायचे, सुटलो म्हणायचे, आणि चमचा सभ्यपणे बशीत ठेवायचे.

"काय आवडलाय हो त्यांना!" बाई हरखून मला म्हणाल्या.

मला सगळं कळत होतं. मी टिपणात लिहिलं: 'पाहुणे उत्साही.'

प्रगती समाधानकारक होती. तिसऱ्या कपापर्यंत विरोध ठाम. सातव्याला सौम्य. अकराव्याला पायावर पाय. चौदाव्याला, म्हणजे तीन बावन्नला, साहेबांच्या कपाळावर घाम.

"बाई, ते... तुमचं ते... कुठंशी आहे?"

"दाखवते ना! आधी एवढा घ्या, गार होईल."

"सही कुठं करायची सांगा!"

मी कागद सरकवला. मंजूर नाव: ओढदोराच्या रुळाच्या पत्र्याच्या झाकणाच्या वाटेचा खुंटा. साहेबांनी सही ठोकली, ताडकन उठले आणि कोपर लागून चमचा कपात पडला. टण्!

बाईंनी तत्क्षणी किटली खाली ठेवली. "बास? अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

गाडी मिळाली. (गाडीतलं 'ते' बंद होतं, पण तो दुसऱ्या खात्याचा विषय.) बायकोनं घरात घेतलं. जहाजही गेलं. डेकवर पितळी पाटीवर ते नाव झळकतंय, आणि पोरं तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ते धर रे."

आता तुम्ही हसताय, की एवढा तीस वर्षांचा मुरलेला माणूस, आणि न वाचता सही केली! मग मंजूर झालेलं नाव परत बघा. आधीच्या नावात खुंटा पत्र्याला धरून होता. मंजूर नावात त्याच्यावर वाट टांगलीय, आणि पत्रा मोकळा सुटलाय. ही उलटापालट मी केली, सहज, हात शिवशिवले म्हणून. बाईंनी पाहिलं नाही, ओक्कोनं पाहिलं नाही, साहेबांनी पाहिलं नाही.

आणि तुम्हीही 'असेल बुवा' म्हणून पुढं गेलात. साहेबांना निदान चौदा कप पाजावे लागले.