नाखव्याचे चाळीस दिवस

यासीन खलाशी जाऊन तीन आठवडे झाले, तरी त्यांचा कुत्रा नाखवा फाटकापाशी बसून होता आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर उड्या मारत होता. त्याची लाळ कपड्याला लागली की धर्माच्या नियमाने तो कपडा सात वेळा धुवायचा, त्यातलं एकदा मातीने. पनवेलच्या त्या घरात रडण्यापेक्षा धुणंच जास्त झालं होतं.

मुलगा तौसीफ मस्कतहून रजेवर आलेला. तिथे तो एका गोदामाचा स्टोअरकीपर. मोजता न येणारी गोष्ट त्याला खपत नसे, दुःखसुद्धा. त्याने निकाल दिला, "चाळिसाव्या दिवशी हा एकाच्याही अंगावर गेला, तर तळोज्याच्या फॅक्टरीत जाईल. तिथल्या वॉचमनशी बोलणं झालंय."

"अब्बू, मी शिकवते ना त्याला," त्याची मुलगी हुदा म्हणाली. तिने बटण दाबलं की वाजणारा क्लिकर मागवला. "शांत बसला की कट्. कट् झालं की लगेच मटणाचा तुकडा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. पण कट् वाजून तुकडा मिळाला नाही, तर त्याचा भरवसा उडतो."

"पावती फाडली की माल द्यायचाच," तौसीफला पटलं.

पंधरा दिवसांत नाखवा माणूस दिसला की बूड टेकून हुदाच्या मुठीकडे बघू लागला. तौसीफची आई सकीना ओटीवर कलमा पढत हे बघायची. बारा वर्षांत तिने त्या कुत्र्याला हात लावला नव्हता.

चाळिसाव्यापर्यंत यासीनच्या नावाने सत्तर हजार कलमे पढून पुरे करायचे होते. घरात हे चिंचोक्यांवर मोजायची रीत. "चिंचोके सांडतात. आकडा चुकला तर नुकसान अब्बांचं," म्हणत तौसीफने घरच्या-नात्यातल्या चौदा बायकांना बोटात अडकवायचे स्टीलचे काउंटर वाटले. दाबलं की कट्, आकडा पुढे. आवाजाचा विचार त्याच्या यादीत नव्हता.

चाळिसाव्याच्या दिवशी नाखवा असा बसला की यासीनची सुकापूरची बहीण जुलेखाफुफीही म्हणाली, "माशाल्ला, सुधरला गो!"

मग उरलेले कलमे पुरे करायला बायका आत बसल्या. कट्. नाखव्याने हुदाकडे बघितलं. तिने तुकडा दिला. कट्, कट्. दोन तुकडे. मग चौदा अंगठे एकदम चालू झाले आणि हुदाची वाटी बघता बघता रिकामी झाली.

"अब्बू, थांबवा त्यांना!"

"कलमा थांबवू? वेडी झालीस?"

नाखवा बसला, लोळला, पंजा दिला. येत होतं ते सगळं करून झालं, तरी नुसतं कट्कट्. शेवटी तो आत गेला आणि जिथून आवाज येईल त्या मांडीत तोंड घालत सुटला. जुलेखाफुफी पलंगावर चढली, पण घाबरून तिचा अंगठा दाबतच राहिला. नाखवाही पलंगावर चढला.

"तौसीफ! भावाच्या चाळिसाव्याला बोलावून माझी मयत काढतोस काय रे?"

मौलानांनी सत्तर हजारांची दुआ घाईने उरकली. अंगणात चौदा जणींच्या ओढण्या मातीने घासल्या जाऊ लागल्या. तौसीफने वॉचमनला "येऊन जा" असा मेसेज टाकला.

"माझ्या आकड्यातनं वजा कर," सकीना ओटीवरून म्हणाली.

"काय वजा करू?"

"मी एकतीस हजार सांगितले ना? त्यातले कलमे किती नि नाखव्याचे किती, मला नाय म्हाईत."

तौसीफने तिच्या बोटातल्या काउंटरवरचा आकडा वाचला.

"तुझे अब्बा गेले नि त्यानं खाणं सोडलं. हुदा कालेजात गेली का भांड्याला तोंड लावीना. कट् केलं का खायचा. मग मी हाच काउंटर दाबायची. एका महिन्यात किती जणांना पोचवू मी?"

"अम्मी, दुआ झाली! सत्तर हजार सांगून झालं वरती!"

"मग आता तू भरून काढ. मुलगा हायस त्यांचा."

तिने काउंटर त्याच्या हातात दिला आणि मटणाची वाटी त्याच्याजवळ सरकवली. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, कुत्रा न्यायला कधी येऊ?"

फाटकापाशी नाखवा रस्त्याकडे तोंड करून बसला होता. यासीन त्याच रस्त्याने घरी यायचे.

"सोमवारी फोन करा," तौसीफ म्हणाला.

रविवारी त्याचं विमान होतं, आणि मस्कतमध्ये हा नंबर लागत नाही.