पलीकडं कोण उभं राहतं?

जुनं मशीन विकत घ्यायला गेलेला माणूस आधी काय बघेल? मोटर बघेल, पट्टा बघेल, पाती बघेल. आमचे गंगाधरमामा पांचाळ आधी जमीन बघतात.

मालक बिचारा उत्साहाने मशीनवरचं पोतं ओढत असतो आणि मामा मशीनला वळसा घालून पलीकडे, जिथून रंधा मारलेली फळी बाहेर पडते तिथे, उकिडवे बसून भुईवरून हात फिरवत असतात. म्हाताऱ्याची दाढ पडली की काय, असं मालकाला वाटतं. मग मामा उठतात, हात झटकत मालकाजवळ येतात आणि विचारतात, "पलीकडं कोण उभं राहतं?"

या प्रश्नाला आजवर एकालाही धड उत्तर देता आलेलं नाही.

मामा हे सेलूतले आमचे शेजारी. आमच्या दोघांच्या घरांत एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे त्यांचं पत्र्याचं शेड. ते सुतार, मी एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. मला गाड्या तोंडपाठ आणि त्यांना लाकूड, म्हणून कुठं जुनं मशीन निघालं की आमची जोडगोळी निघते. एकाच लोखंडी सांगाड्यावर रंधा, करवत आणि ड्रिल, असं ते मशीन असतं. सुताराचं अर्धं दुकानच म्हणा ना. असली मशीनं बघण्यात मामांनी इतके जोडे झिजवले की आमची ही म्हणते, "एवढ्या मुली बघितल्या असत्या तर गावातलं एक पोरगं बिनलग्नाचं राहिलं नसतं."

बघण्याचा कार्यक्रम मात्र अगदी तसाच. सतरंजी, पाणी, चहा. फक्त चहा आला की मामा तो पीत नाहीत. मशीन चालू करायला सांगतात आणि भरलेली बशी त्याच्या टेबलावर ठेवतात. चहा नुसता थरथरला तर ठीक. पण काठावरून सांडला की, "बेअरिंग गेल्यात," म्हणून मोकळे. मग ती बशी उचलून उरलेला चहा फुर्र करून पितात. मोटरला नाक लावून वास घेतात. नवा रंग दिसला की संपलंच. "रंग लावलेलं मशीन अन् पावडर लावलेला म्हातारा, दोन्हीवर इश्वास ठेवायचा न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामांचा स्वतःचा विश्वास एकाच वाक्यावर आहे, "घरी जाऊन कळवतो." आजवर त्यांनी कुणालाही काहीही कळवलेलं नाही.

पाथरीला एका पोराचं मशीन बघायला गेलो होतो. मशीन बरं होतं. चहासुद्धा सांडला नाही. पण पलीकडच्या बाजूला भिंतीला टेकवून त्याची स्कुटर उभी होती.

"पलीकडं कोण उभं राहतं?" मामांनी विचारलं.

"कोणीच न्हाई मामा. मी एकटाच करतो सगळं."

"मंग फळी काय स्कुटर धरती का?"

पोरगं हसलं, मीही हसलो. मामा हसले नाहीत. येताना गाडीत त्यांनी मला समजावून सांगितलं. लांब फळी एका बाजूने सारायची म्हटलं की पलीकडे धरायला माणूस लागतो. नाहीतर शेवटाला फळी आपल्या वजनाने खाली झुकते, टोकाला खड्डा पडतो आणि मशीनवरही नको तो ताण येतो. "एकट्यानं चालवलेलं मशीन आतून खचलेलं असतं बगा," ते म्हणाले. "वरून मालूम पडत न्हाई." म्हणून ते जमीन बघतात. पलीकडे कुणी उभं राहत असेल, तर भुईला त्याचे पाय लागलेले दिसतात.

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण मामांच्या आयुष्यातली सगळी कारणं अशीच असतात. खरी असतात, फक्त पूर्ण नसतात.

मामांचं स्वतःचं मशीन होतं. त्यांच्या मशीनच्या पलीकडे कौसल्यामामी उभ्या असायच्या. स्वयंपाक करता करता मोटरचा आवाज आला की पदर खोचून शेडमध्ये जायच्या, फळी धरायच्या आणि ती संपली की पुन्हा चुलीपाशी. मशीनचा आवाज एवढा की बोलणं शक्यच नसे. मामांचे कान त्यातच अर्धे गेले. मामी आजारी पडल्या, दवाखाने झाले आणि एका उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत टेम्पो आला आणि मशीन घेऊन गेला. "मोटर जळली होती," मामांनी गल्लीभर सांगितलं. मोटर चांगली होती. भिंतीला भिंत असल्यावर एवढं कळतं.

तेव्हापासून मामा हातरंध्यावर काम करतात. चौरंग, देवघर, कुणाच्या दाराची फळी. यंदा त्यांचा उजवा खांदा वर जाईनासा झाला. पुण्याहून लेक आली, रेखा. तिने बापाला शेक दिला आणि माझ्यासमोर सांगितलं, "काका, दिवाळीपर्यंत एक तर यांनी मशीन घ्यावं, नाहीतर शेडला कुलूप लावून माझ्याकडं यावं. या खांद्यानं हातरंधा मी मारू देणार न्हाई."

मामा पुण्याला लेकीच्या घरी महिनाभर राहून आले होते. आल्यावर म्हणाले होते, "पोरगी लय जपती. सकाळी बाकड्यावर बसवती, संध्याकाळी उठवती." एवढंच. मला त्या बाकड्याची भीती वाटली. त्यांच्यासाठीही, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. भिंतीपलीकडे माणूस नसेल तर माझ्या निवृत्तीत उरतं काय?

म्हणून राणीसावरगावला एक मशीन निघाल्याचं कळलं तेव्हा मी मामांना जवळजवळ ओढतच नेलं. मशीन माणिकराव नावाच्या सुताराचं. त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं, डॉक्टरांनी जड काम बंद केलं होतं. रंग जुनाच. मामांनी मोटर हुंगली, नाक मुरडलं नाही. चहाची बशी ठेवली, चहा जागचा हलला नाही. मग ते पलीकडे गेले आणि उकिडवे बसले.

तिथे मातीच्या भुईत दोन खळगे होते. पावलांएवढे, वापरून गुळगुळीत झालेले. मामांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढून ठेवल्या.

"पलीकडं कोण उभं राहतं?" त्यांनी विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

माणिकराव म्हणाले, "चालू करा की. कळंल."

मामांनी कडुनिंबाची एक फळी लावली. मोटर सुरू झाली आणि आतून माणिकरावांची बायको आली. हाताला पीठ तसंच. कुणी बोलावलं नाही, तिनं कुणाकडे बघितलं नाही. येऊन त्या दोन खळग्यांत उभी राहिली. फळी पलीकडे निघाली, तिने ती धरली आणि तिच्यावर तळव्याने हलकीशी थाप मारली. मामांनी हात सोडला.

मग त्यांनी तीच फळी परत मागितली आणि पुन्हा लावली. पुन्हा थाप. परत मागितली. पुन्हा लावली. मला वाटलं, पाती तपासत असतील. पण मामांचं लक्ष पात्यांवर नव्हतं. ते डोळे मिटून फळीचं टोक धरून उभे होते आणि थाप आली की सोडत होते. ढलप्यांचा ढीग घोट्यापर्यंत आला. फळीचा पापड व्हायची वेळ आली. शेवटी माणिकराव हळूच म्हणाले, "मिस्त्री, फळी संपायली."

मामांनी मोटर बंद केली. "मशीनीत खोट न्हाई," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि त्याला जोडूनच दुसरं आलं, "घरी जाऊन कळवतो."

गंगाखेडच्या जीपमध्ये बसलो. मग नाही राहवलं.

"खोट न्हाई तर मग कामून न्हाई घेतलं? पुण्याला जाऊन बाकड्यावर बसायचंय का?"

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारणार होतो, तेवढ्यात ते बोलले.

"कौसल्या अशीच थाप मारायची. धरलं, आता सोडा, म्हणून. कान गेले तरी हाताला कळायचं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मशीन आणीन हो. फळी बी लावीन. थाप आली न्हाई म्हंजे हात कसा सोडू?"

इतकी वर्षं हा माणूस मशीनमध्ये खोट शोधत नव्हता. घरी मोकळ्या हाताने परत जायला कारण शोधत होता. आणि मी गाड्यांच्या वेळा सांगत त्याच्याबरोबर हिंडत होतो.

"मी उभा राहतो पलीकडं," मी म्हणालो.

"तुमी? तुमी तर कंडक्टर."

"मग काय झालं? गाडी मागं घेताना कोण उभं राहायचं? मागं उभं राहून पत्र्यावर थापा मारण्यातच जिंदगी गेली माझी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. जुन्या मशीनकडे बघतात तसंच, आधी पायांकडे. परभणीला उतरलो, मी सेलूची गाडी बघायला निघालो, तर म्हणाले, "थांबा जरा. फोन लावून द्या मला. माणिकरावाला कळवायचंय."

मशीन दिवाळीच्या आधी आलं. टेम्पोवाले जुन्या जागेवर ठेवायला लागले तर मामांनी हात आडवा केला. जागा सोडून, दोन हात बाजूला घ्यायला लावलं. टेम्पोवाले कुरकुरले. का, ते मला पलीकडे गेल्यावर कळलं. जुन्या जागेच्या पुढे भुईत दोन खळगे होते. लहान पावलांचे. शेड एवढं भरलेलं, पण त्यांच्यावर मामांनी कधी एक फळीसुद्धा ठेवलेली नव्हती.

मी माझ्या जागेवर उभा राहिलो. मोटर सुरू झाली. मामांनी सागाची फळी सारली, ती माझ्याकडे आली, मी धरली. मामांनी डोळे मिटलेले. आणि मी, सवयीचा गुलाम, एस.टी.च्या पत्र्यावर मारावी तशी दणकून थाप मारली.

मामा दचकले. हात सुटला. त्यांनी मोटर बंद केली आणि तसेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला कळलं की ते रडतायत. मामी गेल्या त्या दिवशीही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी फळी हातात धरून उभा. खाली ठेवावी की नाही, तेही सुचेना.

"लय जोरात मारली," ते म्हणाले. "ती हळू मारायची."

"चुकलं मामा. आता हळू मारतो."

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि मान हलवली.

"नगं. तुमची तुमी मारा. तिची तिच्यापाशी राहू द्या."

मग त्यांनी मोटर सुरू केली आणि दुसरी फळी लावली.