दारामागची आत्या आणि पाच टक्के

उद्याची परीक्षा म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं दशांशने शनिवारी सकाळी तोंडात ब्रश असतानाच जाहीर केलं. फेसामुळे शब्द कोणालाच कळले नाहीत, पण बायको सवयीने "हो" म्हणाली.

त्याचं खरं नाव कारखान्यात आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बल्बच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता, आणि "उशीर किती झाला?" असं विचारलं की "सहा पूर्णांक चार मिनिटं" असं सांगायचा. म्हणून दशांश! बढतीसाठी संख्याशास्त्राची खात्याची परीक्षा पास व्हावी लागे. दोनदा तो गडगडला होता. ही तिसरी खेप.

"या वेळी मी पाठ नाही केलं, समजून घेतलंय," तो चूळ भरून म्हणाला. "आणि आज घरातच करून दाखवणार आहे. आत्यावर!"

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. तिची दृष्टी अलीकडे फार अधू झाली होती. विणकाम सुटलं, वाचन सुटलं, निवडणं-टिपणंही सुटलं. उरलं होतं ते एक दार. बेल वाजली की दिवाणखान्यातल्या खुर्चीतून ती ओरडायची, "नातीची शाळा सुटली!" किंवा "सूनबाई आली, हातात पिशव्या आहेत!" आणि भिंत धरत जाऊन दार उघडायची. मागच्या आठवड्यात मात्र तिने पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका गृहस्थाला आत घेतलं. तो दोन तास बसला. तेव्हापासून दशांशच्या डोक्यात कॅमेऱ्याची बेल शिरली होती. माणूस मोबाइलवर दिसणार, आत्याने उठायची गरजच नाही!

"तो अनोळखी होता ते मला बेलवरूनच कळलं होतं," आत्या म्हणाली. "मग उघडलंस कशाला?" दशांशने विचारलं. "कोण आहे ते बघायला!"

"आत्या, तू अंदाज बांधतेस. कधी बरोबर येतो, कधी चुकतो. चुकलेले आपण विसरतो."

"मी अंदाज बांधत नाही. आपली बेल दाबली की डिंग वाजते आणि बोट उचललं की डाँग. मधे किती वेळ जातो, ते ज्याचं त्याचं असतं." मग ती पुढे म्हणाली, "अरे, या घरात माझं म्हणून हे एकच काम उरलंय. ते तरी राहू दे."

दशांशला गलबलून आलं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र. त्याने करार केला. आत्या परीक्षेत उतरली तर दार तिचं. नाही उतरली तर सोमवारी कॅमेरा!

परीक्षा अशी. बायको आणि लेक बाहेर जिन्यावर उभ्या राहणार. दशांशने दहा वेळा नाणं उडवून यादी केली होती, छापा आला तिथे लेक, काटा आला तिथे बायको. त्या क्रमाने बेल वाजवायची, एकदाच. वाजवली की चार पायऱ्या खाली उतरायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि दहाच्या वर एकही बेल नको! यादीची एक प्रत बाहेर, एक दशांशच्या खिशात.

"शून्य परिकल्पना अशी, की आत्याला काहीही ओळखता येत नाही, ती नुसतं ठोकून देते," तो लेकीला समजावत होता. "तसं असेल तर प्रत्येक वेळी बरोबर यायची शक्यता निम्मी. दहा बेलांच्या उत्तरांचे प्रकार एक हजार चोवीस. त्यात नऊ किंवा दहा बरोबर येण्याचे फक्त अकरा. म्हणजे शंभरात जेमतेम एकदा! आपली मर्यादा शंभरात पाच. आत्याने नऊ ओळखल्या, तर नुसत्या नशिबाने ओळखल्या असं म्हणवणार नाही."

"आणि आठ ओळखल्या तर, बाबा?"

"तर छप्पन्न प्रकार. पाच पूर्णांक सत्तेचाळीस टक्के. मर्यादेबाहेर! कॅमेरा!"

"म्हणजे अर्ध्या टक्क्यासाठी आत्याआजीचं दार जाणार?" लेक म्हणाली. दशांशने तिला जिन्यात पाठवलं, व्यत्यय नको म्हणून मोबाइल बंद केला आणि दाराला आतून कडी घातली.

डिंगडाँग! "नात," आत्या म्हणाली. बरोबर.

डिंग, डाँग. "सूनबाई." बरोबर.

सहा झाल्या, सहाही बरोबर! दशांशच्या कपाळावर घाम आला. आत्या खुर्चीत ताठ बसली होती आणि तिचे गाल लाल झाले होते.

सातवी वाजली. डिंग... डाँग!

"ही दोघींतली कोणी नाही," आत्या म्हणाली. "हा तुझा साहेब."

"आत्या! पर्याय दोनच आहेत!"

"असतील. बोट साहेबाचं आहे. मागच्या महिन्यात आला होता ना, तेच जाड बोट. दार उघड."

"दहा पूर्ण झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. नमुना बिघडतो!" त्याने खिशातली यादी पाहिली. सातवी लेकीची. त्याने फुली मारली आणि पुढे 'साहेब' असं लिहिलं. बाहेर काहीतरी कुजबुज झाली. या बायकांना एक नियम पाळता येत नाही, असं त्याला वाटलं.

आठवी बरोबर आली. नववी वाजली.

"पुन्हा साहेब. आता चिडलाय."

"आत्या, हट्टाने चुकतेस तू!" यादीत बायको होती. दुसरी फुली, पुढे पुन्हा 'साहेब'.

दहावी बरोबर आली. दशांशने बेरीज केली, खाडाखोड केली, पुन्हा बेरीज केली. आठच!

"पाच पूर्णांक सत्तेचाळीस," तो कागदावर शेरा लिहीत हळूच म्हणाला. "सिद्ध झालं आत्या. तुला ओळखता येत नाही."

आत्या काही वाद घालेल म्हणून तो तयारीत होता. पण तिने नुसता पदर सारखा केला. "बरं," ती म्हणाली. "लाव तुझा कॅमेरा. मला खुर्ची आतल्या खोलीत हलवून दे. इथे बसून करायचंय काय?"

दशांशला एकाएकी आपण फार हलकट माणूस आहोत असं वाटलं. तोंड लपवायला म्हणून त्याने दार उघडलं.

वरच्या पायरीवर, मांडीवर पाकीट ठेवून, साहेब बसले होते!

"झाला का प्रयोग?" त्यांनी विचारलं. "तुमचं परीक्षेचं प्रवेशपत्र तुम्ही कारखान्यात टेबलावर विसरलात. तीन फोन केले, तुमचा मोबाइल बंद. म्हणून घेऊन आलो, बेल दाबली, तर तुमच्या मुलीने तोंडावर बोट ठेवलं."

"अहो, आम्ही चार पायऱ्या खाली होतो, थांबवेपर्यंत यांनी दाबलीसुद्धा!" बायको म्हणाली.

"तुम्ही म्हणालात दहाच्या वर नको," लेक म्हणाली, "म्हणून ती सातवी धरली. मग नववीला काकांनी कंटाळून पुन्हा दाबली."

दशांशचा चेहरा आपल्याच कारखान्यातल्या उडालेल्या बल्बसारखा झाला. साहेबांनी त्याच्या हातातला कागद घेतला.

"म्हणजे आजींनी दहाच्या दहा ओळखल्या. त्यातल्या दोन तर तुमच्या पर्यायांत नसलेल्या! आणि हे काय लिहिलंय? 'ओळखता येत नाही हे सिद्ध'? अहो, आठच आल्या असत्या तरी ते सिद्ध होत नाही! पुरावा कमी पडला, एवढंच म्हणता येतं. पन्नास बल्ब तपासले आणि एकही खराब निघाला नाही, तर अख्ख्या कारखान्यात एकही खराब नाही असा शेरा माराल?"

मागच्या परीक्षेत दशांशने अगदी तेच लिहिलं होतं.

"साहेब, आत या," आत्या खुर्चीतून म्हणाली. "आणि तू रे, खुर्चीला हात लावायचा नाही!"

रविवारी दुपारी दशांश परीक्षा देऊन आला. दारात उभं राहून त्याने केस सारखे केले, चेहरा हसरा केला आणि रोजच्यासारखीच, अगदी खणखणीत बेल दाबली.

"सूनबाई, आधी पाणी आण गं त्याला," आतून आवाज आला. "पेपर अवघड गेलाय."

एका निरीक्षणावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तो आत्याला ठणकावून सांगणार होता. पण नमुना किती मोठा असावा, हाच प्रश्न तो कोरा सोडून आला होता.