लॉकची खाच कोणी झिजवली?

त्या शनिवारी सकाळी मी चिडायचं ठरवलं. एरवी चिडण्याचं खातं आमच्या घरी बायको आणि तिचे वडील सांभाळतात; मी फक्त आवक-जावक बघतो. (ऑफिसातही तेच बघतो.) पण त्या दिवशी बापलेक एकमेकांवर तुटून पडले होते, आणि अशा वेळी शांत बसलेला माणूस उगाचच गुन्हेगार दिसतो.

भांडणाचं कारण टेबलावर आडवं पडलं होतं. बायकोची ठासणीची रायफल! नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा, असलं ते जुनं प्रकरण. इतरांच्या बायका विणकाम करतात; माझी नेमबाजी क्लबात जाऊन हे उडवते, आणि इतकं अचूक की रविवारच्या अंतिम फेरीत सगळ्या मिशाळ मंडळींत ती एकटीच बाई होती. आणि नेमका आता रायफलच्या लॉकनं दगा दिला. लॉक म्हणजे घोडा, स्प्रिंग आणि खाचा यांचा लोखंडी कारभार. घोडा अर्धा ओढला की खाचेत अडकून राहायला हवा. आमचा खट्कन खाली येत होता. अशी बंदूक क्लबचा तपासनीस मैदानात आणूच देत नाही.

"बाबा, मागच्या महिन्यात तेल घालायला तुम्हीच घेतली होतीत!"

"चाळीस वर्षं वापरली मी ही!" सासरे गरजले. "तेव्हा काही झालं नाही. तू दार लावतेस तशीच बंदूक वापरतेस!"

"मी दार कसं लावते?"

"शेजाऱ्यांना विचार!"

इथे मी टेबलावर मूठ आपटली. "पुरे! एवढ्या चांगल्या वस्तूची वाट लावायची आणि वर कबूलही करायचं नाही? लाज वाटली पाहिजे!"

दोघंही टेबलापासून एकेक पाऊल मागे सरकले. चिडणं इतकं सोपं असतं हे मला लग्नाच्या बावीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. मग मला आवरेना. सासऱ्यांना म्हणालो, दिसेल त्या वस्तूत बोटं घालायची तुम्हाला खोडच आहे. बायकोला म्हणालो, तुला स्वतःची चूक जन्मात दिसली नाही. आणि त्या भरात म्हणून गेलो, "चला कारागिराकडे! आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू. ज्यानं हे केलं असेल त्यानं या घरात पुन्हा तोंड दाखवू नये!"

(हे नुसतं बोलायचं होतं.)

"चला," बायको म्हणाली.

बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं दुकान म्हणजे एक लांबट, तेलकट खोली. त्यानं दोन स्क्रू काढले, लॉक बाहेर घेतलं, चिमट्यात स्प्रिंग आवळून एकेक भाग फडक्यावर मांडला आणि डोळ्याला भिंग लावलं. मग तोही चिडला.

"कोणी केलं हे? ठिणगी पाडणारी गारगोटी न लावता रिकामाच घोडा पाडलाय. एकदा-दोनदा नाही, शेकडो वेळा! खाचेची कडच उडालीय. कुणातरी अडाण्याचं काम आहे."

"मी रिकामा घोडा कधीच पाडत नाही," बायको म्हणाली.

"मी तर मेलो तरी पाडणार नाही," सासरे म्हणाले.

"बघितलंत? दोघंही कानांवर हात ठेवतात!" मी ओरडलो. माझा आवाज जरा चिरकला.

कारागीर घोडा पुसत होता. "आणि हा जांभळा डाग कसला? निघत नाही. शाई वाटते. शिक्क्याची."

मी उजवा अंगठा मुठीत लपवला, पण उशीर झाला होता. (दिवसाला दोनशे कागदांवर शिक्के मारणाऱ्याचा अंगठा साबणाला दाद देत नाही.) बापलेक त्या दिवशी पहिल्यांदाच एका दिशेनं बघत होते.

"मी तुझ्या आधी घरी येतो," मी पुटपुटलो. "साहेबांनी सगळ्यांदेखत झापलेलं असतं. मग जरा बंदूक काढतो, रोखतो, आणि नुसतं... खट्. रिकामीच असते गं!"

"किती वेळा?"

"रोज दहा-बारा. साहेब रजेवर असले की कमी."

"नवं लॉक बसवावं लागेल," कारागीर म्हणाला. "ते बसायला दस्त्याचं लाकूडही कोरावं लागेल. गुरुवारी या."

म्हणजे रविवार गेला. बायको ओरडली नाही. तिनं नावनोंदणीचा कागद पर्समधून काढला, चार घड्या घालून परत ठेवला. मला फार वाईट वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोखायचात कुठे?" तिनं शेवटी विचारलं.

"कपाटाच्या आरशावर. तिथे साहेब उभे आहेत असं समजून."

"आणि आरशात दिसायचं कोण?"

"मीच."

"मग नेम बरोबर होता," ती म्हणाली, आणि तो कारागीर, जो मला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होता, त्यानंही मान डोलावली.