उणे एकशे शहाण्णवची तूट

सरकारी खातं उष्णता सोसतं, थंडीही सोसतं. त्याला सोसवत नाही ती फक्त तूट. सन १९६१ साली बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात हवा गारठवून तिचा द्रव करणारं यंत्र आलं (हवा ही एकच वस्तू तेव्हा परमिटाशिवाय मिळायची), आणि नळ्या निवडण्याचं काम असिस्टंट इंजिनियर त्रिविक्रमच्या गळ्यात पडलं. बिचारा हुशार होता. त्यानं सरळ लिहून टाकलं: तापमान मायनस १९६, साधं लोखंड एवढ्या थंडीत काचेसारखं तडकतं, म्हणून तांब्याच्या नळ्या घ्याव्यात.

फाइल हेडक्लार्क शेषगिरींकडे गेली. शेषगिरींची सत्तावीस वर्षं स्टोअर्समध्ये गेलेली. तिथे मायनसला अर्थ एकच: माल कमी भरला. त्यांनी समासात विचारलं, ‘एकशे शहाण्णव डिग्र्या कमी कशा? जबाबदार कोण?’

"अण्णा, अहो ते तापमान आहे!" त्रिविक्रम काकुळतीला आला.

"सरी, बरोबर. पण तूट ती तूट. स्वल्प खुलासा द्या."

सात खुलासे गेले, आठ परत आले (एक दुसऱ्याच खात्याचा होता). शेवटी पाच जणांची कमिटी बसली. कमिटी मोठ्या मनाची. तिनं एकशे शहाण्णवच्या एकशे शहाण्णव डिग्र्या माफ करून टाकल्या. राहिलं शून्य, आणि शून्याला साधं लोखंड चालतं हे कोणीही मान्य करील. तरीही खातरजमा हवी म्हणून चामराजपेटेतल्या रसवाल्याकडून बर्फ आणून लोखंडी नळी तासभर बादलीत बुडवली. नळीला काही झालं नाही. (कमिटीतल्या दोघांना पडसं झालं.)

यंत्र सुरू करायच्या सकाळी बेळगावकडचा फिटर कल्लाप्पा त्रिविक्रमपुढे आला. "साहेब, ह्या नळीपाशी मलाच हुबं राहायचं हाय. तुमी म्हणाल तर राहतो."

लोखंड तडकणार हे त्रिविक्रमला ठाऊक होतं. पण त्याच्या बढतीचे कागद त्याच कमिटीपुढे होते. तो म्हणाला, "कमिटीनं पास केलीय रे नळी."

नळी फुटली. कल्लाप्पाचा उजवा हात गेला.

चौकशी मात्र कडक झाली हो! निष्कर्ष असा: रीतसर माफ झालेली थंडी नळीत शिरली कशी, हे कळत नाही, कल्लाप्पानं लांब उभं राहायला हवं होतं. खाली त्रिविक्रमची सही आहे, सुवाच्य. (आता तो डेप्युटी आहे.)

तुम्ही असता तर सही केली नसतीत, हे आम्ही धरूनच चालतो. मग तुमच्या कचेरीत तुम्ही इतकी वर्षं टिकलात कसे, तेवढं सांगा.