धाकटी बंदूक माळावर कसास लागली त्याची हकीकत

श्री. न बोललेले जिला आधी ऐकू येते त्या देवीस नमस्कार असो. शके सत्राशें सहा, क्रोधीनाम संवत्सर, माघमासी वर्तमान ऐसे घडले की, "पायथ्याशी ठेवा म्हटले तर उशाशी घेतात, आणि वर तिलाच शाल पांघरतात. आमचे गुडघे थंडीने धरले ते कोणास दिसावे?" ऐसे राणी गोजराबाईसाहेब सकाळी उठता उठता पुटपुटल्या, ते महाराजांच्या कानापाशीच पुटपुटल्या, आणि 'दिसावे' हा शब्द तोंडून जाताच त्यांनी जीभ चावली. महाराज हसले आणि म्हणाले की थोरलीने धाकटीचा मत्सर करू नये. ही धाकटी म्हणजे कोणी सवत नव्हे. दाऊद उस्ता नामे कारागिराने घडविलेली शिकारी बंदूक. नळी दीड हात, दस्ता शिसवी, वजन इतके थोडके की बाईमाणसाने काखेत मारून चालावे, परंतु गोळी सुपारीएवढी खाई आणि बार ऐसा करी की तबेल्यातील घोडी दावी तोडीत. लांब बंदूक झाडीत अडकते, ही अडकत नाही, सबब महाराजांचा जीव तिजवर जडला, आणि त्याच सबबीने बाईसाहेबांचा जीव टांगणीस लागला.

कारण ऐसे की खोऱ्यातील करवंदीच्या जाळीत एक वाघ येऊन राहिला होता. त्याने दिवाळीच्या सुमारास एक गवळी नेला, आणि मग संक्रांतीपूर्वी लाकडे वेचणारी एक बाई नेली. त्या राज्याचा रिवाज ऐसा की वाघावर पहिला बार महाराजांचा. तो होईतो दुसऱ्याने चापास बोट लावू नये. आजवर हा रिवाज सुखाने चालला. महाराज मचाणावर बसत, बाईसाहेब शेजारी बसून कानात "थोडे उजवीकडे, आता खाली" ऐसे सांगत, महाराज बार काढीत, आणि त्याच क्षणी पलीकडच्या झाडावरून शिकारखान्याचा जमादार आपला बार काढी, आणि वाघ पडे, आणि मग जमादार झाडावरून उतरून महाराजांच्या नेमाची तारीफ करी. परंतु या जाळीभोवती मचाण बांधावे ऐसे एक झाड नाही. आत शिरावे तर पायी, एकट्याने, ओणवे होऊन. खोऱ्यातील माणसे येऊन रडली तेव्हां महाराजांस राहवले नाही, आणि ते भर दरबारात बोलून गेले की धाकटीचे तीन बार माळावर काढू, तीनही फळीस लागले तर दुसऱ्या दिवशी आम्ही जाळीत शिरू.

आता महाराजांची नजर सरत आली होती हे ज्यास ठाऊक नाही ऐसा मनुष्य राज्यात नव्हता. विडा देताना महाराजांचा हात भलतीकडे जाई, आणि घेणारा आपणच सरकून हाताखाली येई. मुजऱ्यास येणारे दारातच खाकरत, म्हणजे कोण आले ते आवाजावरून उमगावे. पायरी आली की बाईसाहेब बांगड्या वाजवीत. हुकूम कोणी केला नव्हता, जो तो आपल्या मायेने करी. आणि मायेने चाललेली गोष्ट थांबवावी कोणी, हे कोणास कळेना. निशाणाच्या माळावर तर याहून पक्का बंदोबस्त. तेथे फळीवर देवळाच्या चिताऱ्याने वाघ रंगविला होता, तो थोडासा हसतो ऐसा साधला होता. फळीमागे खड्डा, आणि खड्ड्यात सुभाना नामे म्हातारा शिंग घेऊन बसे. गोळी फळीस लागली की शिंग फुंकावे, हे त्याचे काम. परंतु महाराजांच्या आजोबांपासून चालत आले होते की स्वारीचा बार फुकट गेला ऐसे माळावर होऊ नये. सबब गोळी चुकली तर सुभानाने मागून सळई ठोकून वाघाच्या काळजात भोक पाडावे आणि मग फुंकावे. पूर्वी हे दसऱ्यास एखादे वेळी घडे. अलीकडे त्या सळईस गंज चढण्यास उसंत मिळेना. मग फळी महाराजांपुढे आणीत, महाराज भोकावरून बोट फिरवीत, आणि "ठीक" म्हणत. गोळी लागली तर लाकडाच्या चिरफळ्या मागे जातात आणि सळईच्या चिरफळ्या पुढे येतात, हे सर्वांस समोर दिसे, आणि सर्व जण त्या वेळी आभाळ पाहत.

तेव्हां बाईसाहेबांनी मनाशी धरिले की बंदूक चुकली तर जाणे टळेल, आणि चुकणार तर आहेच, फक्त तिला चुकू दिले पाहिजे. मग त्यांनी कारभारी विसोपंत यांस बोलावून सांगितले की उद्या सुभानाने सळई घरी ठेवावी.

"कोणती सळई, बाईसाहेब?" विसोपंत भिंतीकडे पाहून म्हणाले.

"तीच. भोक पाडावयाची."

"कोणते भोक?" ऐसे विसोपंत अति आदराने विचारते जाहले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

बाईसाहेबांस राग यावा, परंतु तो आला नाही, कारण जे वाक्य विसोपंतांच्या गळ्यात अडकले तेच त्यांच्याही गळ्यात होते, आणि ते वाक्य न बोलता सळई बंद करावी तरी कोणत्या कारणाने? मग त्या मेण्यात बसून, डब्यात डिंकाचे लाडू घेऊन, स्वतः सुभानाच्या दारी गेल्या. परंतु जन्मभर बारांपाशी बसून सुभानाचे कान गेले होते. माळावर तो बार ऐकत नसे, फळीच्या फटीतून धूर पाही. त्यास काही सांगावे तर ओरडून सांगावे लागे, आणि जी गोष्ट कारभाऱ्यापाशी कुजबुजून बोलवेना ती गल्लीने ऐकावी इतक्या मोठ्याने बोलावी कशी? बाईसाहेब उंबऱ्यावरूनच डबा त्याच्या हाती देऊन परत आल्या. सुभानाने जाणिले की इतक्या वर्षांची चाकरी राणीसाहेबांच्या नजरेस आली, आणि त्याने सळई चांगली घासून ठेविली.

दुसऱ्या दिवशी माळावर स्वारी आली. बाईसाहेब चिकाच्या पडद्याआड बसल्या, जमादार मागे उभा राहिला, दाऊद उस्ता आपल्या हातची वस्तू म्हणून गज आणि दारू घेऊन पुढे जाहला. महाराजांनी पहिला बार काढिला; गोळी टेकडीवर गेली आणि तेथील टिटव्या उठल्या, आणि शिंग वाजले, आणि विसोपंत "वाहवा" म्हणाले. दुसरा बार काढिला. गोळीने बाभळीची एक फांदी उतरविली, आणि शिंग वाजले, आणि "वाहवा" जाहली. पडद्याआड बाईसाहेबांनी पदर तोंडात धरिला. मग तिसऱ्या खेपेस महाराजांनी धाकटी खांद्यास लाविली, चाप ओढिला, कानावरची दारू, म्हणजे रंजक, भुरकन जळाली, धुराचा लोट निघाला, परंतु आतील वाट काजळीने चोंदली होती, सबब बार जाहलाच नाही. खांद्यास धक्का बसला नाही, घोडी बिथरली नाहीत. सर्वांनी आपापला श्वास सोडिला की, चला, सुटलो. इतक्यात फळीमागे ठक् ठक् ऐसे दोनदा वाजले, आणि शिंग वाजले. तिसरा बार, म्हणून सुभानाने ते नेहमीहून लांबविले. पोटात डिंकाचे लाडूही होते.

दाऊद उस्ता हातातील गजाकडे पाहू लागला, कारण न सुटलेल्या गोळीने निशाण साधणारी बंदूक त्याने कधी घडविली नव्हती. विसोपंतांच्या तोंडून सवयीने "वाहवा" निघाली, ती अर्धीच निघाली. महाराजांनी बंदूक हळूच खाली घेतली आणि कोणीतरी घ्यावी म्हणून पुढे केली. पुढे कोणी नव्हते. विसोपंत लगबगीने सरकून त्या हाताखाली येऊ लागले.

तेव्हां गोजराबाईसाहेब पडद्याबाहेर आल्या. एका हाताने दुसऱ्या हातातील बांगड्या घट्ट धरून आल्या, आणि विसोपंतांस दंडाने बाजूस सारून स्वतः समोर उभ्या राहिल्या, परंतु बंदूक घेतली नाही.

"कोण आहे?" महाराजांनी विचारिले.

"मी."

"लागले ना तीनही?"

"एकही लागला नाही. तिसरा तर सुटलाच नाही." बाईसाहेबांचा आवाज इतका साधा होता की जणू पानात मीठ कमी पडल्याचे सांगत होत्या. "आपणांस दिसत नाही."

मग महाराज म्हणाले की, "आमच्या बोटास हे केव्हाच कळले होते. त्या चिरफळ्या रोज टोचत. तुमच्यापैकी कोणी म्हणेल म्हणून थांबलो, आणि कोणी म्हणेना, तेव्हां वाटले, त्यापेक्षा जाळीत जावे." आणि त्यांनी बंदूक आवाजाच्या रोखाने धरिली, आणि बाईसाहेबांनी ती घेतली, आणि तीच धाकटी सर्वांदेखत जमादाराच्या हाती देऊन पहिल्या बाराचा रिवाज त्या दिवसापासून मोडिला.

सारांश इतका की बंदूक चोख निघाली. जमादाराने जाळीत शिरून एका बारात वाघ पाडिला, सुभानास घरबसल्या वेतन जाहले, आणि राजवाड्यात खाकरणे बंद होऊन जो तो आपले नाव सांगून येऊ लागला. सर्वांस हलके वाटले, बाईसाहेबांस सर्वांहून अधिक. मग त्या लुगडी-धान्य घेऊन खोऱ्यात गेल्या, आणि झाला प्रकार त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला, काही लपविले नाही. दिवाळीत वाघाने नेलेल्या गवळ्याच्या बायकोने सर्व ऐकून घेतले, लुगडे मांडीवर घेतले, घडी नीट केली, आणि म्हणाली,

"जमादार तर दिवाळीतही होते ना, बाईसाहेब."